मिस सिल्डा शेअर विकत नाही

केमारने छापून घेतलेल्या पुस्तिकेचं नाव होतं ‘सामान्य गुंतवणूकदारांचे नेहमीचे प्रश्न’. प्रश्न बारा होते, उत्तरंही बाराच, आणि दोन्ही केमारनेच जमैकात, न्यू किंग्स्टनमधल्या आपल्या गारेगार ऑफिसात बसून लिहिली होती. खऱ्या गुंतवणूकदारांनी त्या ऑफिसात येऊन आजवर विचारलेले प्रश्न दोनच: पैसे खात्यात कधी पडणार, आणि हा एसी जरा कमी करता येईल का. ते पुस्तिकेत घेतलेले नव्हते.

रविवारी चर्च सुटायच्या सुमाराला ही पुस्तिका घेऊन तो डोंगर चढून ख्रिस्टियानाला, मावशीच्या घरी आला. मावशी म्हणजे मिस इसिल्डा पॉटिंजर, वय वर्षं चौऱ्याहत्तर, तिथल्या पोस्टाची निवृत्त पोस्टमिस्ट्रेस. गाव तिला मिस सिल्डा म्हणे. केमारची आई टोरांटोला ‘सहा महिन्यांसाठी’ गेली त्याला आता सव्वीस वर्षं होत आली होती. त्या सहा महिन्यांत केमारला शाळेत घालणं, कॉलेजात घालणं आणि टाय बांधायला शिकवणं ही कामं मिस सिल्डाने उरकली होती. त्यातला बराचसा खर्च केन व्हॅली बिस्किट कंपनीच्या लाभांशातून झाला. मिस सिल्डाकडे त्या कंपनीचे त्रेचाळीस हजार शेअर होते. दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा एकही नव्हता.

आणि नेमके तेच आता जायची वेळ आली होती. कंपनीचं पत्र येऊन आठवडा झाला होता. कंपनी शेअर बाजारातून बाहेर काढायची, आणि मालक असलेल्या लॅनमन घराण्याने सगळ्यांचे शेअर प्रत्येकी अकरा डॉलरला घेऊन टाकायचे, असा बेत होता. येत्या बुधवारी वार्षिक सभेत ठराव यायचा होता. तो पास झाला की ज्याला विकायचे आहेत त्याचे विकले जाणार होते, आणि ज्याला विकायचे नाहीत त्याचेही. पत्रात ह्याला ‘भागधारकांसाठी सुवर्णसंधी’ असं म्हटलं होतं.

जेवणं झाली. भात-घेवडा झाला, चिकन झालं, गाजराचा रस झाला. केमारने तोंड पुसलं आणि पुस्तिका उघडली.

"आंटी, प्रश्न तिसरा ऐक. एकाच कंपनीत किती पैसे ठेवावेत? उत्तर, दहा टक्क्यांच्या वर नाही. तुझे किती आहेत?"

"सगळे."

"म्हणजे शंभर टक्के."

"तू किती ऑफिसांत नोकरी करतोस रे?"

"एका."

"मग तिथे दहा टक्के ठेव, आणि आणखी नऊ ऑफिसं शोध. उगाच जोखीम नको."

केमारने पान उलटलं. भाव किती वेळा पाहावा, ह्या पाचव्या प्रश्नाचं उत्तर ‘तीन महिन्यांतून एकदा’ असं होतं. ते वाचून दाखवण्याआधी त्याने टेबलाखाली फोन धरून भाव पाहून घेतला. सहाव्या प्रश्नात विकायचं कधी ते होतं: चांगली किंमत येईल तेव्हा. त्यावर मिस सिल्डाने विचारलं की किंमत चांगली आहे हे ठरवणार कोण, विकणारा की घेणारा. केमार म्हणाला, बाजार. मिस सिल्डा म्हणाली, बुधवारनंतर बाजार राहणारच नाहीये, मग त्याआधी बाजाराला एकदा माझ्याकडे पाठव. केमारने ते ऐकलं न ऐकलंसं केलं आणि खास तिच्यासाठी पेन्सिलीने खूण करून आणलेल्या सातव्या प्रश्नावर आला.

"शेअरवर जीव लावावा का? उत्तर, मुळीच नाही. शेअरला तुम्ही कोण आहात हे माहीत नसतं."

"शेअरला नसेल," मिस सिल्डा ताटं गोळा करत म्हणाली, "चेअरमनला माहीत आहे."

ह्या वाक्यात तिचं सगळं होतं, आणि ते केमारला कळण्यासारखं नव्हतं. लहानपणापासून त्याने जे विचारलं त्याचं त्याला उत्तर मिळत आलं होतं. मिस सिल्डा पस्तीस वर्षं पोस्टाच्या जाळीमागे बसली. जाळीच्या त्या बाजूने लोक विचारत आणि ह्या बाजूने ती सांगे. इंग्लंडची मनीऑर्डर आली का, पेन्शन का अडलं, लेकाचं पत्र असतं तर तुम्ही लपवलं नसतंत ना. तिला स्वतःला मात्र कुणाला काही विचारायची सोय नव्हती. पोस्टाचं छप्पर गळतं म्हणून तिने किंग्स्टनच्या मुख्य कचेरीला चौदा पत्रं लिहिली. त्यातल्या एकाला उत्तर आलं: आपलं पत्र मिळालं.

मग एका वर्षी तिने बिस्किट कंपनीचे दोनशे शेअर घेतले, आणि आमंत्रण आलं म्हणून वार्षिक सभेला गेली. तिथे तिने हात वर करून विचारलं की पूर्वी क्रॅकरच्या पुड्यात वीस असायचे, आता अठराच का. तेव्हाचा चेअरमन, चांगला सहा फुटी गोरा माणूस, खुर्चीतून उठला. कोटाचं बटण लावलं. आणि त्याने उत्तर दिलं. उत्तर अगदीच फालतू होतं, पण ते देण्यासाठी तो उभा राहिला होता. पुढच्या वर्षी पुड्यात वीस निघाले. त्या दिवसापासून तिने पगारातून, मग पेन्शनमधून, जमतील तसे शेअर घेतले. आणि एकतीस वर्षं दर सभेत एक प्रश्न विचारला. पूर्ण जमैका बेटावर कोटवाल्याला उभं करायची तिची तेवढी एक जागा होती. त्या जागेचे आता अकरा डॉलर येत होते.

निघताना केमारने खरं काम काढलं. ह्या विक्रीची सगळी व्यवस्था त्याच्याच ऑफिसकडे होती. त्याचा साहेब सभेत पहिल्या रांगेत बसणार होता. तेव्हा ह्या वर्षी प्रश्न नको. शक्यतो येणंच नको. गुडघे दुखतात, घाट वळणाचा आहे. त्याने एक छापील फॉर्म पुढे केला. सही केली की तिच्या वतीने चेअरमनच मत देणार होते.

"माझ्या वतीने, माझ्याविरुद्ध," मिस सिल्डा म्हणाली.

"आंटी, माझी बढती अडकलीय ह्यात."

"मग तू मत दे त्यांना. तुझे शंभर शेअर आहेत ना, पदवीला मी दिलेले? दे. मी नाही म्हणणार नाही." तिने फॉर्म घेतला आणि रताळ्याच्या पुडिंगचं भांडं मेजावर डाग पाडू नये म्हणून त्याखाली सारला. "मी माझे दिले नाहीत म्हणजे नाहीत. आणि ह्या ठरावाला फॉर्म चालत नाही. कंपनीची घटना वाचलीयेस का?"

केमारने वाचली नव्हती. ऑफिसात कुणीच वाचली नव्हती, कारण तिचा सारांश उपलब्ध होता. मिस सिल्डाने भिंग लावून वाचली होती. कंपनी काढणाऱ्या जुन्या मिस्टर ऐटनचा आपल्या दोन्ही जावयांवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून त्याने घटनेत एक कलम घालून ठेवलं होतं. कंपनी बाजारातून काढायची तर घराण्याबाहेरच्या, सभागृहात जातीने हजर असलेल्या भागधारकांपैकी चारांत तिघांचे हात वर यायला हवेत. माणशी एक हात; शेअर दहा असोत की दहा लाख. सध्याचे चेअरमन डग्लस लॅनमन हे धाकट्या जावयाचे चिरंजीव. त्यांना हे कलम पाठ होतं, पण त्याची धास्ती नव्हती. त्यांच्याकडे करी गोट होतं.

ते असं. दर वर्षी सभा हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये दहाला सुरू व्हायची. पावणेबाराला मागची दारं उघडत आणि करी गोटचा, म्हणजे बोकडाच्या मसालेदार रश्श्याचा, वास आत येई. बाहेर जेवणाचे डबे मांडलेले असत. डबे सगळ्यांना पुरायचे, पण करी गोट आणि चिकनचा पाय पहिल्या शंभरांनाच. मागाहून येणाऱ्यांच्या नशिबी मान आणि रस्सा. त्यामुळे वास आला की तीनशे खुर्च्या एकदम सरकत आणि भागधारक रांगेकडे निघत. मग रिकाम्या हॉलमध्ये संचालकांच्या बायका, मेव्हणे आणि हिशेबखात्यातले कारकून उरत, आणि उरलेले ठराव एकमताने पास होत. संचालकांचे भत्ते एकतीस वर्षं असेच वाढले होते. मिस सिल्डाने हे एकतीस वर्षं पाहिलं होतं, कारण घंटा होईपर्यंत जागेवरून उठायची तिला सवयच नव्हती. एकतीस वर्षं तिने मान आणि रस्सा खाल्ला होता.

ह्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत बाजारातून बाहेर पडायचा ठराव सगळ्यांत शेवटी होता.

सोमवारी सकाळी तिने मास एव्हरार्डला बोलावलं. हा गावातला मिनीबसवाला. केन व्हॅलीचे पाचशे शेअर बाळगून होता आणि दर वर्षी सभेला गावकऱ्यांना तोच नेई. तो विकायच्या बाजूचा होता आणि त्याने ते लपवलं नाही. पाचशे गुणिले अकरा म्हणजे दोन नवे टायर, आणि टायरला प्रश्न विचारावे लागत नाहीत, असं त्याचं म्हणणं. मिस सिल्डाने त्याच्याशी वाद घातला नाही. तिने कपाटावरचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा त्याला खाली काढायला लावला.

डब्यात पुठ्ठ्याचे नंबर होते. एक ते चारशे, प्रत्येकावर पोस्टाचा शिक्का. पेन्शनच्या दिवशी पूर्वी लोक पहाटे येऊन रांगेत आपल्या नावाचा दगड ठेवून जात, नाहीतर टोपी; मास एव्हरार्डच्या आजीने तर एकदा बकरी बांधून ठेवली होती, आणि पोस्ट उघडेपर्यंत त्या बकरीने पुढच्या तिघांच्या जागा खाल्ल्या होत्या, कारण त्या नीरफणसाची पानं ठेवून धरलेल्या होत्या. दगड कुणाचा ह्यावरून डोकी फुटत. मग मिस सिल्डाने नंबर काढले. नंबर घ्या, बाकावर बसा, पुकारल्यावर या. पुकारायच्या आत उठून जाळीशी आलात तर नंबर रद्द. पुढली वीस वर्षं ख्रिस्टियानाला पेन्शनच्या दिवशी कुणाचं डोकं फुटलं नाही. निवृत्तीच्या दिवशी ती हा डबा घरी घेऊन आली. ही सरकारी मालमत्ता होती, आणि तिने केलेला एवढाच एक गुन्हा.

दुसरं काम फोनवर झालं. हॉटेलात वाढपावर देखरेख करणारी नॉव्हलेट टलक ख्रिस्टियानाचीच. तिच्या आजीचं पेन्शन मिस सिल्डाच्या हातून जायचं. नॉव्हलेटने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की नंबर नसलेला कुणी सूटवाला आला तर. मिस सिल्डा म्हणाली, सूटला नंबर नसतो.

बुधवारी साडेनऊला ती हॉलच्या दाराशी डबा घेऊन उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला तिने एक नंबर दिला आणि एकच वाक्य सांगितलं: हा जेवणाचा, सभा संपली की पुकारणार, आधी उठलात तर रद्द. कुणी का विचारलं नाही, कुणी तू कोण विचारलं नाही. शिक्का पाहिला, नंबर खिशात टाकला, जाऊन बसले. सेंट मेरीहून आलेल्या एका म्हाताऱ्याने तर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की इतकी वर्षं ह्या कंपनीत व्यवस्था म्हणून नव्हती. तीनशे एकवीस लोक झाले. शेवटचा नंबर तिने स्वतःला ठेवला.

पावणेबाराला दारं उघडली. वास आला. नंबरवालं कुणी उठलं नाही.

मिस्टर लॅनमन हिशेबपत्रकावर बोलत होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, घसा खाकरला आणि दाराशी उभ्या वेटरला खूण केली. दुसरं दार उघडलं. आता वास नुसता हॉलभर फिरू लागला. मास एव्हरार्डने डोळे मिटून घेतले आणि चौदा नंबर मुठीत घट्ट धरला. शेवटी मिस्टर लॅनमननी ठराव वाचायला घेतला, आणि तो त्यांनी नेहमी रिकाम्या खुर्च्यांसमोर वाचतात त्याच वेगाने वाचला. वाचून मान वर केली तर समोर तीनशे एकवीस माणसं बसून होती आणि एक हात वर होता.

माइक यायची वाट मिस सिल्डाने पाहिली नाही. जाळीतून पस्तीस वर्षं बोललेल्या माणसाला माइक लागत नाही.

"पान सेहेचाळीस, टीप नऊ."

हॉलमध्ये पानांची खसखस झाली. बऱ्याच जणांनी वार्षिक अहवाल तोवर वारा घ्यायला वापरला होता. तो आता प्रथमच सुलटा धरला गेला.

"स्पॅनिश टाउन रस्त्यावर कंपनीची नऊ एकर जागा आहे. किंमत लिहिलीय ती एकोणीसशे एकाहत्तर सालची. मी परवा मँडव्हिलला फ्रीज पाहिला, तो ह्यातल्या एका एकराहून महाग आहे. मला एवढंच विचारायचं आहे, अकरा डॉलर काढताना जागा धरलीत ती आजची, की एकाहत्तरची?"

मिस्टर लॅनमन उठले. कोटाचं बटण लावलं. त्यांनी मुख्य हिशेबनिसाकडे पाहिलं, हिशेबनिसाने पाण्याच्या ग्लासकडे पाहिलं. मग मिस्टर लॅनमन म्हणाले की हिशेबाच्या जुन्या, मान्य पद्धतीनुसार मालमत्ता मूळ किमतीला दाखवली जाते, आणि अकरा डॉलर हा आकडा स्वतंत्र तज्ज्ञांनी अत्यंत काळजीपूर्वक काढला आहे.

"म्हणजे एकाहत्तरची," मिस सिल्डा म्हणाली. "आभारी आहे. एक उपप्रश्न. बाहेर तुमच्याच टेबलावर माझ्या भाच्याने लिहिलेली पुस्तिका ठेवलीय. त्यात म्हटलंय, शेअरवर जीव लावू नये. मी लावलाय, माझा गुन्हा कबूल. पण मिस्टर लॅनमन, तुम्ही तर आमचे सगळेच्या सगळे मागताय. तुमचा जीव कशावर जडलाय?"

हसू मागच्या रांगेतून निघालं आणि पुढे सरकत आलं. पहिल्या रांगेत केमारच्या साहेबाने पुस्तिका हळूच मांडीखाली घेतली. मिस्टर लॅनमन लालबुंद झाले, आणि मग त्यांनी एकतीस वर्षांत कधी न फसलेलं हत्यार काढलं.

"मॅडम, लोक जेवणासाठी खोळंबले आहेत."

मास एव्हरार्ड उभा राहिला. तो सभेत कधी बोललेला नव्हता. सभा त्याला जेवणाआधीचा अडथळा वाटे. त्याने मूठ उघडून पुठ्ठ्याचा तुकडा वर धरला.

"आमच्याकडे नंबर आहेत, साहेब. तुम्ही सावकाश सांगा."

मिस्टर लॅनमननी सावकाशही सांगितलं नाही आणि घाईतही सांगितलं नाही. ठराव मताला टाकला. ठरावाच्या बाजूने हात मोजले: सत्त्याण्णव. बायका, मेव्हणे, कारकून, आणि खरोखरच पैशांची गरज असलेली काही माणसं; त्यांच्याकडे मिस सिल्डाने मुद्दाम पाहिलं नाही. विरुद्ध हात मोजले: दोनशे चोवीस. पुन्हा मोजले, तेवढेच. ठराव पडला. मास एव्हरार्डने आपल्या वर गेलेल्या हाताकडे एकदा पाहिलं, तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसं, पण खाली घेतला नाही. टायर आणखी एक वर्ष चालणार होते.

सभा संपल्याचं जाहीर झालं तेव्हा नॉव्हलेटने बाहेर पुकारायला सुरुवात केली. रांगेच्या तोंडाशी एकच माणूस केव्हापासून उभा होता. सूट घातलेला, पावणेबाराला वास येताच सवयीने उठून बाहेर आलेला, शंभर शेअरचा मालक केमार. आत काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. त्याच्या मागे कुणीच का येत नाही, ह्याचं मात्र त्याला नवल वाटत होतं. नॉव्हलेटने त्याला नंबर विचारला. त्याच्याकडे नंबर नव्हता; तो साहेबाबरोबर नऊलाच हॉलमध्ये शिरला होता. तिने त्याला अत्यंत अदबीने बाजूला उभं केलं. तीनशे एकवीस डबे गेले, शेवटचा डबा मिस सिल्डाला मिळाला. मान आणि रस्सा. तिने पायरीवर बसून तो उघडला, मान स्वतः घेतली आणि भात भाच्यापुढे सरकवला. बढतीचं काय झालं ते तिने विचारलं नाही. त्याने खाल्लं, हे पाहिलं.

पुढच्या सोमवारी त्याचा फोन आला. आवाज ऑफिसचा होता.

"आंटी, भाव सात-ऐंशीला आलाय. अकरा मिळत होते. ऑफिसात सगळे मला विचारतायत."

"तुझ्याकडे उत्तरं छापलेली आहेत की. अकरावा प्रश्न वाच."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला.

"‘भाव पडला तर काय करावं? कंपनी तीच असेल, तर घाबरू नये. ऐपत असल्यास’…"

"पुढे."

"…‘ऐपत असल्यास थोडे आणखी घ्यावेत.’"

"बरं लिहिलंयस. दोन हजार घे."

केमारने उसासा टाकला आणि फॉर्म काढला. नियमाप्रमाणे विचारावंच लागतं, असं म्हणून त्याने विचारलं की गुंतवणुकीचा उद्देश काय लिहू. छापील रकाने तीन होते: नियमित उत्पन्न, भांडवलात वाढ, भांडवलाची सुरक्षितता.

"प्रश्न विचारणे, असा रकाना आहे का?"

"नाही, आंटी."

"मग हाताने काढ."

ऑफिसात त्या वेळी साहेब नव्हता. केमारने ड्रॉवरमधून पट्टी काढली, आणि तिसऱ्या रकान्याच्या खाली चौथा आखला.